पाय ओढायच्या आधीचे दिवस

वालचंदनगर
मार्गशीर्षातला दुसरा गुरुवार

चि. चिमणीस,

तुझा फोन येऊन गेल्यापासून जीव थाऱ्यावर नाही. मामीनं स्वयंपाकघरात तुझ्या वेळेचं एक घड्याळ लावून ठेवलंय. त्यात पाहिलं तर तुझ्याकडं पहाटेचे तीन वाजले होते. अशा वेळी पोर जागी राहून एका माकडिणीबद्दल बोलतेय आणि मधेच "नंतर करते मामा" म्हणून फोन ठेवतेय, मग इकडं झोप कुठली लागायची? असल्या गोष्टी फोनवर पुऱ्या होत नाहीत, म्हणून जेवण झाल्याबरोबर लिहायला बसलोय. पत्र लांबलं तर दोन बैठकीत वाच, पण सगळं वाच.

आधी घरचं. सगळे खुशाल आहेत. उसाच्या ट्रॉल्या सुरू झाल्यात, जंक्शनपासून भवानीनगरपर्यंत रस्ता भरलेला असतो, म्हणून तुझ्या आईला अंधार पडल्यावर स्कूटी काढू नको असं बजावलंय. आजीचे गुरुवार चालू आहेत. गुडघ्यांचं सोडलं तर ती ठणठणीत आहे. तुझ्या बाबांची कंबर मात्र परवा पुन्हा धरली. ते पुढं लिहितो, कारण तुझ्या माकडिणीच्या दुखण्याशी त्याचं नातं आहे.

तू सांगितलंस ते मी वहीत उतरवून ठेवलंय. तुमच्या केंद्रातली बावीस वर्षांची ऱ्हीसस माकडीण. ही जात आपल्यापेक्षा साधारण तिप्पट वेगानं म्हातारी होते, म्हणजे माणसाच्या हिशेबानं पासष्टी ओलांडलेली. शनिवारी संध्याकाळी तिनं खाणं घेतलं. रविवारी सकाळी मागचे दोन्ही पाय लुळे, आणि ती हातांवर सरपटत कोपऱ्यात जाऊन बसलेली. एमआरआयमध्ये छातीचे मणके संपून कमरेचे सुरू होतात तिथली गादी फुटलेली दिसली, तिचा गर मज्जारज्जूवर चढून बसलेला. वरिष्ठांनी तिला शांतपणे निरोप द्यायचं ठरवलं आणि सुई तुझ्या हातात आली. आता तू मला विचारतेस, हे मला आठवडाभर आधी दिसायला हवं होतं का?

पोरी, त्या रविवारी तू केलंस ते बरोबर होतं. पण तुला बरं वाटावं म्हणून मी खोटं लिहिणार नाही. पाय जाण्याच्या आधीचे काही दिवस बहुतेक वेळा असतात. ते वाचायला शिकावं लागतं, आणि नोकरीच्या पहिल्या वर्षात ते कुणालाच येत नाही. तू शिकशील हे मला ठाऊक आहे. तेवढ्यासाठीच हे पत्र.

गादी म्हणजे काय हे तुला सांगायची गरज नाही, शिरवळच्या कॉलेजात तू ते पाठ केलंयस. पण टपालात टाकायच्या आधी हे पत्र तुझी आई वाचणार आणि बाबाही वाचणार, म्हणून थोडं सोपं करून लिहितो. ऊसगाडीचं जुनं टायर आठव. रबर तडकतं, आतला दोरा उसवतो आणि एके दिवशी ट्यूबचा फुगा त्या फटीतून बाहेर येतो. दोन मणक्यांमधल्या गादीचं तसंच होतं. बाहेरून चिवट तंतूंची कडी, आत मऊ गर. वय वाढलं की गरातलं पाणी आटतं, कड्यांना बारीक चिरा पडतात. गादीला स्वतःचा रक्तपुरवठा जवळजवळ नसतो, त्यामुळं ती चीर भरून येणं फार अवघड. मग कधी ती हळूहळू फुगून मागं सरकते, तर कधी एका उडीत फुटते. कुत्र्यांमधले हे दोन प्रकार हॅन्सन नावाच्या स्वीडिश पशुवैद्यानं १९५० च्या सुमारास वेगळे करून दाखवले. माणसांतली फुटलेली गादी आणि तिच्यामुळं दबलेली नस यांचा संबंध बॉस्टनच्या मिक्स्टर आणि बार या दोघा डॉक्टरांनी १९३४ साली स्पष्ट मांडला. त्याआधी लोक नुसतं "कंबर धरली" म्हणून पडून राहायचे.

बाबांचं तेच झालं. दळण न्यायला म्हणून ज्वारीचं पोतं एकट्यानं उचललं, आणि कळ डाव्या ढुंगणातून पोटरीपर्यंत गेली. बारामतीच्या डॉक्टरांनी "मणक्यात गॅप आहे" म्हणून सांगितलं. मी त्यांना धीर दिला, कारण अशी बहुतेक दुखणी दीड ते तीन महिन्यांत ऑपरेशनशिवाय निवतात. आपला मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. त्याच्या खाली नुसत्या नसांचा झुपका असतो, म्हणून खालची गादी सरकली तर बहुधा एखादी नस दबते आणि पाय दुखतो. तरी त्यांना एक गोष्ट दोनदा सांगितली: लघवी अडली, किंवा बैठकीची जागा बधिर झाली, तर सकाळची वाट पाहायची नाही, रात्री असेल तर रात्री दवाखाना गाठायचा. तुझ्या माकडिणीची गादी मात्र वरची होती. तिथं आतून खुद्द मज्जारज्जू जातो, आणि त्याला दाब सोसत नाही. त्याचा रक्तपुरवठा तुटतो, सूज येते, आणि तिथल्या ज्या पेशी मरतात त्या पुन्हा उगवत नाहीत. म्हणून या दुखण्यात तासांना किंमत असते.

आमच्या तालुक्यातला एक शब्द मी गुरांच्या डॉक्टरकीत नोकरीभर ऐकला: "बघू उद्या." व्यायलेली गाय बसली की मालक आधी देवाला नारळ बोलायचा, मग शेजाऱ्याला विचारायचा, मग म्हणायचा, बघू उद्या. कॅल्शियम कमी झाल्यानं बसलेली गाय वेळेवर शिरेतून बाटली मिळाली तर तासाभरात उठून उभी राहते. पण तीच गाय रात्रभर एका कुशीवर पडली तर तिच्याच वजनानं मांडीचे स्नायू आणि नसा मरतात, आणि मग किती बाटल्या लावल्या तरी ती उठत नाही. लासुर्ण्याकडच्या एका वस्तीवरची बाई मला कायम आठवते. मी पोहोचेपर्यंत तिनं गाईखाली उसाच्या पाचटाचा हातभर थर घातला होता आणि दोन मुलांना घेऊन दर दोन तासांनी ती गाय कुशीवरून पालटत होती. तिला हे कुणी शिकवलं नव्हतं. बाळंतिणीला जसं एकाच कुशीवर पडू देत नाहीत तसं हिलाही द्यायचं नाही, एवढंच तिला कळलं होतं. ती गाय उठली. तू तिकडच्या मोठ्या केंद्रात मोठमोठी यंत्रं पाहतेस, पण मला वाटतं ती बाई तुझ्या वॉर्डात असायला हवी होती.

आता जे खास तुला सांगायचंय ते.

मज्जारज्जूवर दाब वाढत जातो तेव्हा गोष्टी एका क्रमानं जातात. आधी पाय कुठं पडतोय याचं भान जातं. पंजा उलटा पडतो, नखं घासतात, बोटांच्या वरच्या बाजूला कातडी सोलवटते. मग ताकद जाते. मग लघवीवरचा ताबा. वरवरची संवेदना त्यानंतर, आणि अगदी शेवटी हाडापर्यंतची खोल वेदना. परत येताना बहुतेक हाच क्रम उलटा असतो. खोल वेदना शिल्लक असलेल्या कुत्र्याला वेळेवर ऑपरेशन मिळालं तर तो बहुधा पुन्हा चालतो. ती गेली असली तर साधारण निम्मेच उठतात. या क्रमात जनावर कुठल्या पायरीवर आहे हे ज्याला रोज ठाऊक असतं, त्यालाच शनिवार आणि रविवार यांतला फरक कळतो.

इथल्या कॉलनीत एका साहेबांकडं डॅशहुंड होता. लांबलचक अंग, आखूड पाय. त्या जातीच्या गाद्या तरुणपणीच कडक होतात, आखूड पायांचं कारण आणि गाद्यांचं कारण एकाच जनुकातलं निघालं म्हणतात. व्हरांड्याच्या कट्ट्यावरून उडी मारली आणि मागून लुळा झाला. घरच्यांनी मला आनंदानं दाखवलं, "डॉक्टर, चिमटा काढला की पाय मागं घेतो, म्हणजे जाणीव आहे." पाय मागं घेत होता खरा. पण मी त्याच्या तोंडाकडं पाहत होतो. त्यानं मान वळवली नाही, कान हलवले नाहीत, ओठ उचलला नाही. पाय मागं घेणं हे कमरेतल्या मज्जारज्जूचं आपलंआपण चालणारं काम असतं, ते मेंदूपर्यंत पोहोचतं असं नाही. त्या घरातल्या धाकट्या मुलाला हे समजावून सांगणं मला त्या दिवशीच्या तपासणीपेक्षा जड गेलं. तेव्हा पोरी, तपासताना पायाकडं बघून समाधान मानू नकोस. चेहऱ्याकडं बघ. चेहऱ्याच्या बाबतीत माकड आपल्याला फार जवळचं.

पण तुझी अडचण मला कळते. गाय, कुत्रा हातात धरून तपासता येतो. प्रौढ ऱ्हीसस जागेपणी तुला हात लावू देणार नाही. केटामिन दिल्याशिवाय तपासणी नाही, आणि केटामिन दिलं की चाल, तोल, दुखणं सगळं झाकलं जातं. म्हणजे खरी तपासणी सुई टोचायच्या आधीच व्हायला हवी, जाळीच्या बाहेर उभं राहून. ती फळीवर कशी चढते? उडी मारते की हातांनी ओढून घेते? बसताना कुठल्या बाजूला कलते? शेपटी धरते की लोंबकळत सोडते? शेंगदाणा खालच्या बाजूला टाकला तर वाकते का? हे सगळं मोबाइलवर टिपून ठेव, तारखेसकट. आज काही दिसणार नाही. पंधरा दिवसांनी दोन्ही चित्रं शेजारी ठेवलीस की दिसेल.

आणखी एक. माकडाच्या हातांत इतका जोर असतो की मागचे पाय अर्धे गेले तरी ते हातांवर लटकून सगळा पिंजरा फिरतं. पाहणाऱ्याला वाटतं, चाललंय बरं. त्यात ही जात उतरंडीची. वरच्या मानाची मादी दुबळी झाली हे बाकीच्यांना कळलं तर तिला मार बसतो, म्हणून ती दुखणं लपवते. माणूस आत आला की जास्तच लपवते. दाराशी जाऊन लगेच वही भरू नकोस. जरा वेळ नुसती बस, तिचं तुझ्याकडचं लक्ष उडेपर्यंत. तुझ्या केंद्रात कॅमेरे असतील तर पहाटेचं चित्रण बघ. म्हातारी हाडं पहाटे खरं बोलतात, हे आजीला विचार.

आणि खाणं घालणाऱ्या माणसाशी रोज बोल. तू म्हणालीस ना, त्यानं पंधरा दिवसांपूर्वी लिहून ठेवलं होतं की "वरच्या फळीवर बसत नाही, खालीच असते." ते कुणी वाचलं नव्हतं. त्या एका ओळीत तुझ्या प्रश्नाचं उत्तर होतं. मोठ्या संस्थांत ज्याच्या हातात बादली असते त्याचं म्हणणं वरपर्यंत जात नाही. इथं गोठ्यातही तसंच आहे. मालक मला सांगायचा "काल रात्रीपासून", आणि गडी मागून हळूच सांगायचा, "डॉक्टर, आठ दिस झालं, पाय घासतीया." मी गड्यासाठी थांबायचो. तू पदवीनं मोठी असलीस तरी त्या माणसाकडं शिकाऊ म्हणून जा.

परवा आजीनं विचारलं, "आपली चिमणी माकडांचं नक्की काय करते रे?" शनिवारी मारुतीला तेल घालणाऱ्या बाईला हे सांगणं सोपं नाही. मी तिला खरं ते सांगितलं. म्हटलं, ही माकडं आपल्याच मुलखातनं गेलेली. १९३८ साली ४०९ ऱ्हीसस माकडं हिंदुस्थानातून जहाजानं नेऊन पोर्तो रिकोजवळच्या कायो सँटियागो नावाच्या बेटावर सोडली, त्यांची पिढी अजून तिथं नांदतेय. पोलिओची लस बनवायच्या वर्षांत तर इथून वर्षाला लाखाहून अधिक माकडं परदेशी जायची. १९७८ साली मोरारजीभाईंच्या सरकारनं निर्यात बंद केली. आणि फार लांब कशाला जायचं, २०२० च्या टाळेबंदीत नागपूरकडच्या रानातून पकडून आणलेली माकडं पुण्याच्या विषाणू संस्थेत होती. तिथं २० ऱ्हीससवर कोव्हॅक्सिनची परीक्षा झाली, मग ती लस आजीच्या दंडात गेली. आजी बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "मग त्यांचं नीट बघायला नको का?" मला याहून वेगळं काही सांगायचं नाही.

त्या बेटाचा उल्लेख मुद्दाम केला. तिथल्या मेलेल्या माकडांचे सांगाडे जपून ठेवलेत, आणि म्हातारपणी त्यांचे मणके आपल्यासारखेच झिजलेले सापडले. ती माकडं मोकळी असतात, झाडांवर चढतात, तरीही. म्हणजे तुझ्या माकडिणीची गादी केवळ पिंजऱ्यानं फोडली असं समजून स्वतःला किंवा कुणाला जाळत बसू नकोस. हे प्राणी दिवसाचा मोठा भाग ताठ बसून काढतात, कमरेवर भार येतोच. मात्र पिंजऱ्यात हालचाल कमी, वजन जास्त आणि आयुष्य रानापेक्षा लांब, म्हणून हे दुखणं तुझ्यासमोर जास्त येणार. पाळायचं तर म्हातारपणासकट पाळावं लागतं. कमी उंचीच्या फळ्या, चढायला उतार, धरायला खडबडीत दांडी, वजनावर नजर, यासाठी तू भांडलीस तर तुझे वरिष्ठ थोडे कुरकुरतील, पण ऐकतील.

मज्जारज्जूच्या संशोधनात माकडांनी फार दिलंय, हे मी नाकारत नाही. २०१६ साली स्वित्झर्लंडच्या शास्त्रज्ञांनी मज्जारज्जू दुखावलेल्या ऱ्हीससच्या मेंदूतले संदेश बिनतारी यंत्रानं जखमेच्या खाली पोहोचवले आणि त्याचा लुळा पाय चालू लागला. त्याच वाटेनं पुढं जाऊन २०२३ साली, बारा वर्षांपूर्वी अपघातात पांगळा झालेला एक डच माणूस मेंदू आणि मज्जारज्जू यांत बसवलेल्या यंत्रांच्या मदतीनं उभा राहून चालला. बाबांना हे वाचून दाखवलं तेव्हा त्यांना लगेच मुरलीकांत पेटकर आठवले. सांगलीकडचे, १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली लुळे झाले आणि १९७२ ला हायडेलबर्गला पोहण्यात सुवर्णपदक घेऊन आले. आपल्या खडकीला १९७४ पासून अशा सैनिकांचं पुनर्वसन केंद्र आहे, मी तिथं एकदा गेलो होतो. चाकाच्या खुर्चीतला जवान तोंडात ब्रश धरून चित्र काढत होता. त्याच्या पाठीची जखम कशी सांभाळतात, कुशी कधी बदलतात, लघवीची नळी कोण बघतं, हे तिथल्या माणसांनी मला जितक्या आस्थेनं दाखवलं तितकं पुस्तकात नाही. लुळ्या शरीराची सेवा माणसाची असो की माकडाची, सारखीच: कूस पालटणं, मूत्राशय दिवसातून तीनदा रिकामं करणं, कातडी कोरडी ठेवणं.

आणि बधिर पाय जनावराला परका वाटतो, ते त्याला चावून खातं, हे विसरू नकोस. १९८१ साली मेरीलँडमधल्या सिल्व्हर स्प्रिंगच्या एका प्रयोगशाळेत हातांच्या संवेदनेच्या नसा कापलेली माकडं स्वतःची बोटं कुरतडत होती. खटला झाला, १९८५ ला अमेरिकेचा प्राणिकल्याण कायदा सुधारला गेला. त्याच प्रयोगांतून पुढं पक्षाघाताच्या रोग्यांना चांगला हात बांधून दुबळा वापरायला लावायचा उपचार निघाला, आज त्यानं कितीतरी लोकांना हात परत मिळालाय. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. मला त्यातली एक दुसरीची भरपाई वाटत नाही. ज्ञान मिळालं तरी ती बोटं रोज कुणीतरी धुवून बांधायला हवी होती. आपल्याकडं प्राण्यांवरच्या क्रूरतेविरुद्धचा १९६० चा कायदा आहे, प्राण्यांवरच्या प्रयोगांचे १९९८ चे नियम आहेत, प्रयोगात वापर झाल्यावर प्राण्याच्या पुनर्वसनाचीही जबाबदारी त्यात धरलीय. पण कायदा पिंजऱ्यासमोर जाऊन बसत नाही, तुझ्यासारखं कुणीतरी बसतं.

औषधाचं एक. आमच्या वेळी मज्जारज्जूचं काही आलं की डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड सर्रास टोचायचे. माणसांतही १९९० नंतर मोठ्या मात्रेतल्या स्टेरॉइडचा बराच गाजावाजा होता, आता तो भरवसा ओसरलाय. तुमच्याकडं काय नियम आहे तो पाळ, पण स्टेरॉइड आणि मेलोक्सिकॅमसारखं वेदनाशामक एकाच वेळी पोटात जाऊ देऊ नकोस, जठराला व्रण पडतात. आणि वेदनाशामक द्यायला कचरू नकोस. दुखणारं म्हातारं जनावर दुखणं गेल्यावर फळीवर परत चढलं, तर तेच तुझं निदान समज आणि लगेच पाठीची फिल्म काढ. फार उड्या मात्र मारू देऊ नकोस, दुखणं झाकलं तरी गादी बरी झालेली नसते.

निरोप द्यायची वेळ कधी, हे तू विचारलं नाहीस, पण मनात आहे. खोल वेदना गेली, मूत्राशय गेलं, आणि तिला हातांवर सरपटत कळपापासून दूर एकटीनं जगावं लागणार असेल, तर उशीर करणं ही दया नव्हे. ठरलं की त्याच दिवशी. त्यातही "बघू उद्या" नको. तिच्या ओळखीचा माणूस, म्हणजे तो बादलीवाला, जवळ असू दे. नंतर रडू आलं तर रड. परळच्या बैलघोडा हॉस्पिटलात आमचे एक म्हातारे सर प्रत्येक घोड्यासाठी डोळे पुसायचे आणि पुढच्या घोड्याकडं जायचे. आम्ही पोरं ते पाहून धडा शिकलो.

आता तुझ्या जिवाचं, आणि हे हलक्यानं घेऊ नकोस. माकडाच्या लाळेतल्या बी विषाणूबद्दल तुला शिकवलंय. १९३२ साली न्यूयॉर्कचा एक तरुण डॉक्टर माकड चावून गेला, त्याच्याच आडनावाच्या पहिल्या अक्षरावरून ते नाव पडलं. १९९७ ला बावीस वर्षांची एक मुलगी नुसता शिंतोडा डोळ्यात उडाला म्हणून गेली. बावीस वर्षांची! ते वाचल्यापासून तुझी मामी तुझ्या फोटोसमोर दिवा लावते. डोळ्यावर काच असल्याशिवाय आत पाऊल टाकायचं नाही, घाई असली तरी नाही. ओरखडा आला, थेंब उडाला, तर पंधरा मिनिटं घड्याळ लावून धुवायचं आणि त्याच तासाला डॉक्टरला सांगायचं. लाजून "काही नाही झालं" म्हणायचं नाही. आणि भूल दिलेलं दहा किलोचं माकड टेबलावर एकटीनं उचलू नकोस. गुडघ्यात वाकून, जवळ धरून, दोघांनी. बाबांचं पोतं डोळ्यासमोर आण. जनावरांच्या डॉक्टरांच्या कमरा चाळिशीतच जातात, आणि तुला तर अजून लांब जायचंय.

पुढच्या फोनला मला त्या दोन म्हाताऱ्या नरांबद्दल सांग, ज्यांची वजनं वाढलीत म्हणालीस. वरच्या फळीवर कोण बसतंय, नखं कुणाची घासलीत, सकाळी पहिलं पाऊल कुठलं पडतं. वेळ तुझी सोयीची धर, पण पहाटेची नको, झोप. आजीनं कारळ्याची चटणी आणि गोडा मसाला भरून ठेवलाय, बाबांच्या मित्राचा मुलगा पुढच्या महिन्यात तिकडं येतोय त्याच्याबरोबर पाठवतो. चटणीच्या डब्यावर आईनं तुझं नाव लिहिलंय, खोलीतल्या मुलींना वाटलीस तरी स्वतःसाठी अर्धी ठेव.

तुझा
मामा